चारोळी कधी पिकते

“पिकली नाही कशी म्हणता, आजा? मी आत्ता झाडाखाली खाऊन आलो. गोड लागली.”

“नाही पिकली,” चैतू आजा म्हणाला.

डोंगराखालच्या त्या गावात चारोळीची झाडं कुणा एकाची नव्हती. आजानं पहिलं फळ चाखून ‘पिकली’ म्हणायचं, मग सगळ्या घरांनी एकाच दिवशी जंगलात जायचं आणि ज्यानं त्यानं आपल्या हातानं उतरवायची, अशी रीत. हे चाखायचं काम आजाच्या मागे देवसूकडे येणार होतं. त्यासाठी तो आजाजवळ शिकत होता. आपलं शिकून झालंय, असं मात्र त्याचं त्यानंच ठरवून टाकलं होतं. पोरगा हुशार, पण हुशारी अंगात मावेल तर ना.

“वादळ आलं तर सगळी गळेल. गाव हात चोळत बसेल.”

“गळेल थोडी.”

देवसूला राहवेना. त्यानं कमरेच्या फडक्यातून दोन फळं काढली. एक काळं पिकलेलं, एक हिरवं.

“डोळे मिटा, आजा.”

आजानं मिटले. लहान पोरासारखं तोंडही उघडलं. एक चावून झालं, दुसरं चावून झालं.

“सांगा, पिकलेलं कोणतं?”

आजा हसला. “काय सांगू... तोंडाची चव जाऊन दोन-तीन उन्हाळे झाले.”

देवसूला आधी राग आला. मग रडूच यायला लागलं. अख्खं गाव या म्हाताऱ्याच्या जिभेवर विसंबून बसलं होतं, आणि तोही.

“मग ठरवता तरी कशावरून?”

आजानं हनुवटीनं समोरच्या घराकडे खूण केली.

दारात झुरी बसली होती. नवरा मागच्या साली गेलेला, पदरात दोन लहान लेकरं, आणि ती स्वतः तापातून आत्ता कुठं सावरलेली. भिंत धरून ती उठली, थोडी चालली, पुन्हा बसली.

“कालपासून उठायला लागली,” आजा म्हणाला.

देवसू तिच्याकडे बघत राहिला...

“एवढंच ना? मग तिच्यासाठी गावाला कशाला थांबवायचं? माझा हात चालतो. तिची टोपली मी भरून देईन. दर साली देईन.”



“दे की, बाबू,” आजा म्हणाला. “पण मग ती चारोळीची वाट बघणार नाही. तुझी बघेल.”