टाचेखालची पट्टी

"…पण वस्ताद, आवाज न करता खाली येणारी नाही का कुठली?"

आमच्या कॅप्टननी हे विचारलं तेव्हा मी शेजारच्या स्टुलावर बसून माझ्या गाडीच्या पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरची सील बदलून व्हायची वाट बघत होतो.

कॅप्टन म्हणजे शहाजीराव खराडे. सदतीस क्रूझर मोटारसायकलींच्या आमच्या क्लबचे म्होरके. त्यांनी हात वर केला की सदतीस इंजिनं एकदम बंद होतात. उंची मात्र बेताची. तो विषय क्लबात कुणी काढत नाही.

वस्ताद म्हणजे दस्तगीर मिस्त्री. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं फक्त गाड्यांचे शॉक बघतात. बाकी कामाला हात लावत नाहीत, आणि तसं सांगायला लाजतही नाहीत.

बाकड्यावर एअर सस्पेन्शनचे दोन खोके उघडे होते. एकात कॉम्प्रेसर होता. हँडलवरचं बटण दाबलं की हवा सुटते आणि उभी गाडी दोन इंच खाली बसते, निघताना पुन्हा वर येते. दुसऱ्यातली सिस्टीम साधी. घरून निघताना हातपंपानं हवा भरायची, मग दिवसभर तेवढीच.

"बटनाची भारी," वस्ताद म्हणाले. "पन हवा सुटताना फुस्स करनार. सिग्नलला चार लोक वळून बगनार."

"तेच नको."

"का?"

"…शोभत नाही."

वस्तादांची नजर दाराकडे गेली. तिथं मालनवहिनी उभ्या होत्या, कॅप्टनच्या पत्नी. उजव्या मनगटाला अजून क्रेप बँडेज.

नऊ वर्षं वहिनी कॅप्टनच्या मागं बसल्या. ऊन म्हणाल्या नाहीत, घाट म्हणाल्या नाहीत. फेब्रुवारीत टेकडीच्या चढावर गाडी थांबली आणि उभ्या जागी डावीकडं कलंडली. वहिनींचं मनगट मोडलं. रस्त्यावर ऑइल सांडलेलं होतं, असं कॅप्टननी सांगितलं. आम्ही सदतीस जणांनी सह्या करून त्या ऑइलविरुद्ध बांधकाम खात्याला अर्जसुद्धा दिला.

तेव्हापासून वहिनी गाडीवर बसलेल्या नाहीत. आजही रिक्षानं आल्या होत्या.

येत्या रविवारी आंबोलीची राईड. पहिल्या गाडीची मागची सीट रिकामी दिसली तर कसं दिसेल, हे कॅप्टन मला दोनदा बोलले होते. वहिनींना एकदाही बोलले नव्हते.

"हवेचं माप दोघांच्या वजनावर ठरतं," वस्ताद म्हणाले. "बसा दोघं."

"मी नाही बसत," वहिनी म्हणाल्या. "यांचं एकट्याचं घ्या."

कॅप्टन बसले. पाठ ताठ, हनुवटी वर. स्टँड काढून त्यांनी गाडी सरळ उभी धरली. फोटो काढावा असे दिसत होते, खोटं कशाला सांगू.

वस्ताद गुडघ्यावर बसले. मला वाटलं, आता शॉकचं माप घेतील. त्यांनी खिशातून पत्र्याची पट्टी काढली आणि कॅप्टनच्या बुटाच्या टाचेखाली सरकवली.

पट्टी आरपार गेली.

मग पलीकडून येऊन दुसऱ्या टाचेखाली सरकवली. तिथूनही गेली.

"ऑइल हुतं म्हने तितं?" वस्तादांनी बसल्या बसल्याच विचारलं.

"…होतं."

वस्तादांनी मान वळवून वहिनींकडं बघितलं.

"होतं की," वहिनी लगेच म्हणाल्या. "मी बघितलं. चांगलं हे एवढं पसरलं होतं."

बोलताना त्या कुणाकडंच बघत नव्हत्या. डाव्या हातानं मनगट चोळत होत्या.

मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या तोंडाला कुठं लगाम? "अर्ज दिलाय आम्ही, वस्ताद. अजून उत्तर नाही आलं."

माझ्या गाडीवर काम करणाऱ्या कारागिराचा पाना थांबला.

कॅप्टन वहिनींच्या बँडेजकडं बघत राहिले…

"नव्हतं," ते म्हणाले.

"अहो…"

"ऑइल नव्हतं. रस्ता कोरडा खडखडीत होता." त्यांचा आवाज चिरकला, पण त्यांनी तो सावरला नाही. "माझा पाय पुरला नाही, मालन. चढावर पाय टेकला नाही माझा. आणि तुझा हात मोडला तरी मी ऑइलचंच सांगत राहिलो."

मग माझ्याकडं वळले. "सगळ्यांना सांग. नको, थांब. रविवारी निघायच्या आधी मीच सांगतो."

या माणसाला मी फुटलेल्या टायरवर अणुस्कुरा घाट उतरताना बघितलंय. दोन ट्रकमधून गाडी काढताना बघितलंय. पण त्याच्यामागं गाडी चालवतो याचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता. अर्जावरची माझी सही आठवून मात्र कान तापले.

वहिनींनी पदर कमरेला खोचला. या वेळी कुणी बस म्हटलं नव्हतं. बँडेजचा हात कॅप्टनच्या खांद्यावर ठेवून त्या मागं चढल्या.

"सरका जरा पुढं," त्या म्हणाल्या.

कॅप्टन सरकले. गाडीचं मागचं अंग हळूच खाली बसलं. वस्तादांनी शॉकला मापाची टेप लावली, आकडा बघितला आणि खडूनं जमिनीवर लिहिला.

कॅप्टननी घसा साफ केला. वर बघायचं धाडस त्यांचं अजून होत नव्हतं.

"मग… कुठली बसवायची, वस्ताद?"

वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले.

"आता व्हय? आता फुस्स करनारीबी चालंल."