मोरीतलं बेट

त्या राज्यात प्रत्येक भांड्याची जागा ठरलेली होती, आणि ती कोणी ठरवली हे विचारायची पद्धत नव्हती. सगळ्यांत थोरली पितळी परात. फळीवर कोणी कुठे बसायचं ते तीच सांगे. सगळ्यांत धाकटी वाटी, बुडावर ठिपक्यांचं नाव घालून नुकतीच रुखवतातून आलेली. चरे पडतील म्हणून तिला कोणी वापरत नसे. मागच्या रांगेत ती पालथी असे.

फळीवर एका जुन्या कादंबरीची पानं अंथरली होती. आपल्या तोंडाखाली येईल तेवढं गोल पान वाटी वाची. वादळात सापडलेली माणसं निर्जन बेटाला लागतात, विटा भाजतात, गहू पेरतात, नदीला नाव देतात आणि कोणी कोणावर रुसत नाही. वाटीला हे फारच पटलं. ‘इथे नको, तिथे बस’ असं कोणी म्हणणार नाही, अशी एक जागा तिला हवी होती. वसाहत आपण उत्तम चालवू याची तिला खात्री होती. अजून पोटात शिकरणीचा थेंबही पडला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

तिने कढईला बेत सांगितला.

“छान. तिथे करपलेलं कोण घासतं?” कढईने विचारलं.

“पुस्तकात काही करपत नाही.”

“मग स्वयंपाकच होत नसेल, बाई.”

पाहुणे आले त्या दिवशी वाटीही पंगतीला बसली आणि नंतर मोरीत गेली. भाताच्या शितांनी मोरीचं भोक बुजलं, पाणी चढलं, वाटी तरंगली. समोर सोनेरी, गोल, निर्मनुष्य बेट होतं. वाटी त्याला लागली. बेटाला तिने स्वतःचं नाव दिलं. उपसागरालाही तेच दिलं, दुसरं सुचेना. मग पहिला नियम केला: इथे कोणी कुठे बसायचं ते मी सांगेन. ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून तिने तो स्वतःलाच सांगितला आणि जरा सरकून बसली.

सरकल्यावर खाली ठिपक्यांची एक ओळ दिसली. म्हणजे आधी कोणीतरी इथे येऊन गेलं होतं. ‘चि. सौ. कां.’ एवढं लागलं. पुढचं नाव घासून घासून गेलं होतं.

तेवढ्यात कोणीतरी भोक मोकळं केलं. समुद्र गुडगुडत ओसरला, आणि बेटाखालून आवाज आला.

“हळू उतर गं. चरा पडेल तुला.”

परात पालथी पडली होती.

दुपारी दोघी शेजारी शेजारी उन्हात पालथ्या वाळत होत्या. वाटीच्या बुडावरची पहिली तीन अक्षरं तीच होती. अजून नवी, चकचकीत, बोटाला टोचणारी.