गिरणीतला नवा पट्टा

पिठाच्या गिरणीतल्या वस्तू अजून आपसात बोलत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. नव्या पट्ट्याला कोपऱ्यात तुटक्या पट्ट्यांचा ढीग दिसला.

“यांचं काय झालं?” त्याने जात्याला विचारलं.

“कच्चे निघाले. पीठ जाडं आलं की मालक मला आवळतो. मग मी जड फिरतं आणि पट्टा तुटतो.”

“पण पीठ जाडं का येतं?”

“माझे दात झिजलेत. छिन्नीने टाकी लावून त्यांना पुन्हा धार आणायला हवी,” जातं कुजबुजलं, “पण पट्टे बदलण्यातच मालकाचा दिवस जातो.”

तेवढ्यात मालकाने जातं आणखी आवळलं. पट्ट्याने जीव खाऊन ओढलं आणि तो फटकन तुटला. ढिगावर पडल्या पडल्या त्याला पुढच्या पट्ट्याचा आवाज ऐकू आला, “यांचं काय झालं?”

“कच्चे निघाले,” जातं म्हणालं.