पाझर

ढगही दुपारी झोपायला डोंगरावरून खाली उतरत, त्या काळी एका ओढ्यावर मातीचा बुटका बांध होता. त्याच्या कुशीत एक तळं पेंगत असे. लोक होडीत बसून त्याचं कौतुक करत आणि तळं मनातल्या मनात फुगे.

एकदा खेकड्याने चुगली केली, "बांधाच्या पायथ्याशी ओल आहे."

"तू गळतोस!" तळं बांधावर खेकसलं.

"गळत नाही, पाझरतो," बांध म्हणाला. "खालच्या विहिरीला घोटभर पाणी मिळतं, आणि माझंही अंग हलकं राहतं."

तळ्याने ऐकलं नाही. खेकड्याकरवी चिखल लिंपून पाझर बुजवला. विहीर आटली. बांध मात्र आतल्या आत भिजून जड झाला आणि एका धुकट सकाळी त्याच्या अंगावर भेग पडली.

"आता मला तुला धरवत नाही," तो पुटपुटला.

तळं शहारलं. "खेकड्या, उकर तो चिखल!"

पाण्याची बारीक धार सुटली. बांधाने श्वास सोडला.

संध्याकाळी होडीतली बाई नावाड्याला ओरडून म्हणाली, "सिदूमामा, बांध गळतोय हो!"

"पाझरतोय," तळं म्हणालं. पण इतकं हळू, की ते फक्त खालच्या विहिरीला ऐकू गेलं.