विहिरीची कविता

“इथे कुणी ऐकतं तरी का, चाचा?”

विनायक औसेकरने हे विचारलं तेव्हा लतीफचाचा दुकानात सतरंजी अंथरत होते. अंबाजोगाईतल्या त्यांच्या पुस्तकांच्या दुकानात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी कविता वाचल्या जात. विनायक तिथेच लिहायला शिकला होता. आता त्याच्या कविता मासिकांत छापून येत, आणि ते तो कुणाला विसरू देत नसे.

त्याची तक्रार साधी होती. जोशीकाका पेंगतात. प्रमिलाबाई स्वेटर विणत बसतात. अशांपुढे चांगली कविता कशाला वाया घालवायची?

चाचांनी सतरंजीचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं.

“धर.”

माणसं जमली. विनायकचा नंबर आला. त्याने आपली आवडती विहिरीची कविता काढली. ती त्याने आधीही तिथे दोनतीनदा वाचली होती.

पहिल्याच ओळीला वीज गेली.

कागद दिसेना. विनायकने पाठ म्हणायचं ठरवलं.

“दोर संपला, घागर थांबली…”

पुढचं आठवेना. त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडला. स्वतःचीच कविता…

“विहिरीच्या तळाशी झोपलंय आकाश,” अंधारातून प्रमिलाबाईंचा आवाज आला. त्यांच्या सुया चालूच होत्या.

त्यापुढची ओळ जोशीकाकांनी म्हटली. मग आणखी कुणी. चुकत, हसत, एकमेकांना सावरत सगळ्यांनी मिळून कविता शेवटापर्यंत नेली. विनायकही त्यांच्या मागोमाग म्हणत गेला.

वीज आली तेव्हा तो टाळ्या वाजवत होता.

चहा झाला, माणसं पांगली. विनायक सतरंजीची घडी घालायला थांबला. त्याचा चेहरा फुलला होता, पण काहीतरी खुपत होतं.

“चाचा, प्रमिलाबाईंनी ओळ चुकीची म्हटली. मी ‘निद्रिस्त आकाश’ लिहिलंय.”

“हं.”

“त्या म्हणाल्या, ‘झोपलंय आकाश’.”

चाचांनी डोळे मिटले. दोन्ही ओळी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिल्या.

“मग त्यांना बरोबर ओळ सांगू का?” विनायकने विचारलं.

चाचा हसले.

“सांग की. पण आधी त्यांच्याकडून शिकून तुझी कविता पाठ कर.”