उचलणारं यंत्र आणि पेलणारी भुई

रस्त्यांना अजून नावं पडली नव्हती, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी पुढे सरकून बसावं, थोरांनी मागून ऐकलं तरी चालेल. मात्र बसण्याआधी पायाखालची जमीन सगळ्यांनी एकदा चाचपून पाहावी. का, ते पुढे कळेलच.

एका घाटाच्या पायथ्याशी सुभानजी नावाचा सुतार राहत होता. घाट उतरून आलेल्या गाड्या त्याच्या दाराशी कुरकुरत येऊन थांबायच्या. कुणाचं चाक निखळलेलं, कुणाचा आख, म्हणजे चाकं ज्यावर फिरतात तो दांडा, तडकलेला. घरापुढचं अंगण हाच सुभानजीचा कारखाना. हात असा सफाईदार, की त्याने बसवलेलं चाक दुसऱ्या पिढीच्या बैलांनी ओढावं. दोष म्हणाल तर एकच होता. आपल्याला सगळं कळतं, असं त्याला वाटायचं. आणि खरोखरच त्याला बहुतेक सगळं कळत होतं, त्यामुळे बाकीचं राहून जायचं.

गाडी दुरुस्त करायची तर आधी ती उचलायला हवी. सुभानजी चार शेजारी बोलवायचा, सगळे मिळून गाडी वर धरायचे आणि खाली लाकडाचे टेकू सरकवायचे. मग गाडीखाली जायची त्याची बायको भागू. अंगाने बारीक, बोटांनी निमुळती. आखाच्या खाचेत वंगण भरावं तर तिनेच. उताणी झोपून, दोन्ही हात वर करून ती तासन्‌तास काम करायची.

एकदा टेकू सरकला. भागू चपळाईने लोळत बाहेर आली, पण तिच्या वेणीचं टोक गाडीखाली अडकलं. ते विळ्याने कापावं लागलं. कापलेले वीतभर केस हातात घेऊन सुभानजी किती तरी वेळ बसून राहिला. त्याला रडू येत होतं आणि शेजाऱ्यांसमोर येऊ द्यायचं नव्हतं.

"आता बास," तो म्हणाला. "गाडी उचलायचं चांगलं यंत्र आणतो. त्याबिगर तू गाडीखाली जायचं न्हाई."

हेतू इतका चांगला होता. पण त्याच आठवड्यात राजवाड्यातून निरोप आला. जत्रेला निघालेल्या राणीसाहेबांच्या रथाचा मागचा आख कुरकुरतो आहे, दहा दिवसांनी रथ पायथ्याशी येईल, दुरुस्ती सुभानजीने करावी. झालं! सुभानजीच्या डोक्यात रथ शिरला आणि वेणीचं टोक बाहेर पडलं.

यंत्र घडवणाऱ्यांना सांगावे गेले. पहिला आला तो शेजारच्या वाडीतला म्हातारा सुतार. त्याने लाकडी घोडी आणली होती. घोडी म्हणजे खिंकाळणारी नव्हे. चार फाकलेले पाय, पायांखाली रुंद फळ्या आणि अंगावर वितीवितीला भोकं. पहारेने गाडी एक वीत उचलायची, भोकात जाड खुंटी घालायची, गाडी खुंटीवर टेकवायची. मग दुसरी वीत. गोगलगाय बरी, असा तिचा वेग.

म्हाताऱ्याने आल्या आल्या पाणीसुद्धा मागितलं नाही. म्हणाला, "सुभानजी, आदी भुई दाखवा."

सुभानजी हसला. "भुई काय बघायची, बाबा? ती काय कुटं जाणार हाय?"

भुई दाखवत नाहीत म्हटल्यावर म्हाताऱ्याने घोडी खांद्यावर घेतली आणि आला तसा गेला.

दुसरा आला राजधानीचा कारागीर. त्याच्या यंत्राला सागवानी लाकडाचे दोन जाडजूड खांब होते, वर तुळई होती, तुळईला पितळी कप्प्या आणि दोरखंड. बाजूच्या रहाटाला एकट्या माणसाने चार फेरे मारले, की गाडी माणसाच्या कंबरेइतकी वर.

"उचलतं किती?" सुभानजीने विचारलं.

"हत्ती," कारागीर म्हणाला.

"अंबारीसकट?"

"माहुतासकट!"

सुभानजीला आणखी काही ऐकायचं नव्हतं. खांब उंच होते, अंगणातल्या शेवग्याची फांदी आड येत होती. ती त्याने त्याच दिवशी तोडली. उंची मोजली, दोर ताणून पाहिले, कप्प्यांना तेल घातलं. वर पाहण्यासारखं जे जे होतं ते त्याने नीट पाहिलं. याबाबतीत त्याला कुणी नावं ठेवू शकणार नाही.

भागू दारात उभी राहून सगळं बघत होती. तिने विचारलं, "अहो, यंत्र गाडी उचलंल, पर यंत्राला कोण पेलंल?"

"म्हंजे?"

"तुमचा डावा खांब जिथं रवताय ना, तिथं सारवण टिकत न्हाई. दर खेपेला त्याच जागी भेग पडती. वाटोळी. परातीच्या कडंवानी."

"उन्हानं पडत आसंल. इतकी वर्सं त्याच्यावरनं गाड्या येत्यात न्‌ जात्यात."

"येत्यात न्‌ जात्यात," भागू म्हणाली. "थांबत न्हाईत. ह्यो खांब थांबणार हाय."

"अगं, मी वरचं बघतोय. तू खालचं बघत बस!" असं म्हणून सुभानजी हसला, आणि शेजारीही हसले. भागूला त्याचं वाईट वाटलं. वीस वर्षं ती ते अंगण तळहाताने सारवत होती. कुठे खडा आहे, कुठे ओल धरते, कुठे हाताखाली पोकळ लागतं, हे तिच्या हाताला पाठ होतं. पण या माहितीला कारखान्यात कुणी विचारत नव्हतं. वंगण भरणं हे काम होतं, सारवणं हे घरकाम होतं.

पाचव्या दिवशी चाचणी ठरली. रथाच्या वजनाइतके दगड एका गाडीत भरले. सगळा गाव अंगणात जमला. कारागिराने रहाट फिरवला, कप्प्या गुणगुणल्या, आणि दगडांनी भरलेली गाडी डौलात वर गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुभानजीने मिशीवरून हात फिरवला.

"चल, भागू. जा खाली. दाखीव समद्यांस्नी, आता भ्याव न्हाई म्हणून."

भागू हलली नाही. आवाज न चढवता म्हणाली, "माझं म्हायेर विहिरी खणणाऱ्यांचं. आमच्यात दोर जो बांधतो, तो पयला उतरतो. यंत्र तुमी निवडलंय. तवा पयली भाकर तुमी खायाची, गाडीखाली बसून. मग मी जाते."

गाव पुन्हा हसला. सुभानजीलाही त्यात गंमत वाटली. भीती त्याच्या मनात नव्हतीच. "आण की! दोन भाकरी आण!" म्हणत तो गाडीखाली मांडी घालून ऐसपैस बसला. भागूने ताट आणून ठेवलं. बाजरीची भाकरी, कांदा आणि वाटी भरून हुलग्याचं पातळ माडगं.

पहिला घास झाला. दुसरा झाला. सुभानजीने वाटीकडे हात नेला आणि थबकला. माडगं वाटीच्या डाव्या काठाला टेकलं होतं, उजवा काठ कोरडा दिसत होता. ताट तिरकं ठेवलं असेल, म्हणून त्याने ते सरळ केलं. परत एक घास घेतला. माडगं पुन्हा डावीकडे आलं, आणि या वेळी काठावरून ओघळलं.

ताट सरळ होतं. वाटी सरळ होती. खाली राहिली होती ती फक्त भुई.

ती काय कुठं जाणार आहे, हे त्याचेच शब्द होते. ते त्याला आठवले. त्याने घास टाकला आणि उजवीकडे अंग झोकून दिलं. तो बाहेर पडतो न पडतो तोच डावा खांब खचकन गुडघाभर खाली गेला, मग पुरुषभर गेला. तुळई कलली, दोर सुटले आणि दगडांची गाडी, जिथे ताट होतं तिथे, दणकन आदळली.

धूळ खाली बसली तेव्हा अंगणात एक वाटोळं भोक पडलेलं दिसलं. आतून जुन्या जोंधळ्याचा कुबट वास येत होता. ते पेव होतं. कुठल्या तरी पणज्याने धान्य साठवायला जमिनीत खोल खणलेलं, तोंडावर फरशी घालून बुजवलेलं आणि मग साऱ्या घराने विसरून टाकलेलं. फक्त सारवण ते विसरलं नव्हतं. दर महिन्याला त्याच्या तोंडाभोवती भेग काढून ते सांगत राहिलं होतं.

सुभानजी धुळीत बसून होता. भागू त्याच्याजवळ आली तेव्हा त्याने तिचा पदर लहान मुलासारखा घट्ट धरला. आता शेजारी बघत आहेत याचं त्याला काहीच वाटलं नाही.

"तिथं तू आसतीस," तो म्हणाला.

"आसते," भागू म्हणाली. "न्‌ उताणी आसते. मला माडगं दिसलं नसतं."

यावर कुणीच हसलं नाही.

कारागीर बिचारा मान खाली घालून दोर गुंडाळत होता. सुभानजी उठला आणि त्याच्यापाशी गेला. "तुमच्या यंत्राला दोष न्हाई," तो म्हणाला. "मी तुमाला हत्तीचं इचारलं, तुमी हत्तीचं सांगितलं. भुईचं मीच कुणाला इचारलं न्हाई." पुढे ते यंत्र समुद्राकाठच्या कातळावर उभं राहिलं आणि तिथे त्याने भल्या भल्या नावा उचलल्या. यंत्र खोटं नव्हतं, आपली जागा सोडून आलं होतं इतकंच.

रथ यायला पाच दिवस उरले होते. सुभानजीने गाडीतले तेच दगड पेवात उतरवले, वर मुरूम टाकला, पाणी मारलं आणि धुमसाने ठोकून ठोकून सगळं बसवलं. प्रत्येक थरानंतर भागू मुसळ घेऊन यायची, ठिकठिकाणी आपटायची आणि कान द्यायची. 'भद्‌' असा आवाज आला की म्हणायची, "अजून ठोका." 'ठक्‌' आला की पुढे सरकायची. सुभानजी उलट एक शब्द बोलत नव्हता. तिसऱ्या दिवशी सारं अंगण ठक्‌ बोललं.

मग तो स्वतः चालत वाडीला गेला आणि म्हाताऱ्या सुताराला घोडीसकट घेऊन आला. म्हाताऱ्याने अंगणात पाय ठेवला आणि पुन्हा तेच म्हणाला, "आदी भुई दाखवा."

"ती म्या न्हाई, हिनं दाखवायची," सुभानजी म्हणाला, आणि भागूला पुढे केलं.

ठरल्या दिवशी रथ आला. सोबत कारभारी होता, त्याला जत्रा गाठायची घाई होती. अंगणातली ओबडधोबड घोडी पाहून त्याने नाक मुरडलं.

"एवढीशी घोडी? ही किती उचलते?"

"ती उचलत न्हाई, सरकार," सुभानजी म्हणाला. "उचलतो आमी. ती पेलती."

वीत वीत करत रथाची मागची बाजू वर चढली. प्रत्येक वितीला खुंटी बसली. कारभारी येरझाऱ्या घालत होता. रथ पुरता वर गेला, तेव्हा भागूने ताट आणलं. या वेळी त्यात दोन वाट्या होत्या. राणीसाहेबांच्या रथाखाली नवराबायको शेजारी शेजारी बसले आणि निवांत जेवले.

"अरे, हे काय चाललंय?" कारभारी कडाडला. "काम सोडून जेवता?"

"काम सुरू झालंय, सरकार," भागू म्हणाली. तिची नजर वाटीवर होती. माडगं तळ्यातल्या पाण्यासारखं सपाट होतं, चारी काठांना सारखं टेकलेलं.

मग ती उताणी झोपली, हात वर केले आणि आखाला भिडली. खाचेत जुनं वंगण दगडासारखं सुकलं होतं. ते खरवडता खरवडता दुपार झाली. कुठेही काही कुरकुरलं नाही, काही हललं नाही. सुभानजी सगळा वेळ तिच्याजवळ बसून होता आणि तो वर बघत नव्हता. संध्याकाळी रथ लोण्यासारखा मऊ चालत जत्रेच्या वाटेला लागला. तेव्हापासून राजवाड्याच्या सगळ्या गाड्या त्याच अंगणात येऊ लागल्या.

त्या पायथ्याच्या गावात पुढे एक रीतच पडली. गाडी कुणाचीही असो, वर चढली की आधी तिच्याखाली माडग्याची वाटी ठेवायची आणि मगच माणसाने आत शिरायचं. आणि कुणी नवं यंत्र विकायला आलं, की अंगण सारवणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय कुणी ते ठेवून घ्यायचं नाही.

तात्पर्य: ओझं किती उचलता येईल हे विचारण्याआधी, ते कुणावर टेकणार आहे हे विचारावं.