अध्यक्षबाईंची अडलेली गोष्ट

फार फार पूर्वी एका उंबराखाली जनावरांचं लेखक मंडळ भरायचं. साळिंदरमावशी अध्यक्ष होत्या. त्यांची रीत अशी, की पहिलं वाचन अध्यक्षांचं, आणि तेही अर्ध्याकच्च्या लिखाणाचं. मग सगळे त्यात मनसोक्त चुका काढायचे.

मावशींची नजर अधू झाली आणि अध्यक्षपद सशिणीकडे आलं. तिला तर कुणी शिंकलं तरी धडकी भरायची. कच्चं वाचलं तर सगळे हसतील, या भीतीने तिने घासूनपुसून लखलखीत केलेली कथा वाचली.

"वा! एक शब्द हलवता येणार नाही," बेडूकराव म्हणाले.

पुढची पाळी चिचुंद्रीची होती. तिचं हे पहिलंच वाचन. तिने हातातलं पान पाठीमागे लपवलं. "माझं राहू दे. मी निघतेच."

"अगं, ती चालली बघ," मावशी सशिणीच्या कानाशी पुटपुटल्या.

सशीण टुणकन उठली. ती एकदम ओरडली, "थांबा! माझी दुसरी एक गोष्ट अडलीय. कोल्हा विहिरीत पडलाय आणि काही केल्या मला तो वर काढता येत नाहीये!"

बेडूकराव खो खो हसले. "अहो अध्यक्षबाई, विहिरीवर पोहरा नाही का?"

"अगंबाई, पोहरा राहिलाच!"

चिचुंद्री जाता जाता वळली. "पण तो पडला कसा?"

"तेही अजून सुचलं नाही गं."

"इतकं कच्चं?" चिचुंद्री परत येऊन बसली. तिने पान समोर धरलं. "मग वाचते मी. हसलात तरी चालेल."